शिक्का ताईंचा, शाई साहेबांची

मी एक रबरी शिक्का आहे. वर लाकडी मूठ, खाली गोल रबर आणि त्यावर उलटी कोरलेली चार अक्षरं: 'तपासले'. एवढंच माझं शिक्षण.

माझा जन्म एका बोळातल्या शिक्केवाल्याकडे झाला. पण आयुष्य गेलं शिड्यांच्या कारखान्यात. शिडीची एकेक पायरी पक्की आहे का ते पाहायचं, मग तिच्या आतल्या बाजूला मला दाबायचं, आणि मगच शिडी गाडीत चढायची. माझ्या भरवशावर कुणीतरी अनोळखी माणूस वर चढणार, याचा मला केवढा अभिमान होता!

पहिली अठरा वर्षं मी तपासणी खात्याच्या साहेबांच्या हातात होतो. माणूस कामात पक्का, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या कुणी मला उचललं की त्यांचा जीव वरखाली व्हायचा.

एक दिवस कारखान्याचे मालक त्यांना म्हणाले, "दोन वर्षांनी तुम्ही निवृत्त होणार. तुमच्या जागी ताईंना बसवायचं मनात आहे. आत्तापासून काम सोपवा. तयार होतील त्या."

ताई त्याच खात्यात अकरा वर्षं होत्या. बोटाच्या पेरानं पायरीवर टकटक करायच्या आणि कान द्यायच्या. आतलं रिव्हेट सैल असेल तर त्यांना आवाजावरूनच कळायचं. साहेबांच्या नजरेतून सुटलेल्या शिड्याही त्यांनी दोन-तीनदा बाजूला काढल्या होत्या.

साहेबांनी सगळ्यांना बोलावून मला ताईंच्या हातात दिलं. "आजपासून तपासणी तुमची, बाई. मी सुटलो!" टाळ्या वाजल्या. ताईंनी मला पदराला पुसलं आणि विचारलं, "स्टॅम्प पॅड?"

"ते राहू द्या माझ्या खणात. लागेल तेव्हा या."

त्या संध्याकाळी ताई मला रुमालात गुंडाळून घरी घेऊन गेल्या, सासूबाईंना दाखवायला. त्यांनी चष्मा लावून मला निरखलं, वर्तमानपत्रावर दाबून पाहिलं.

"अगं, हा तर काहीच उमटवत नाही!"

"शाई साहेबांकडे असते, आई."

"मग तुझ्याकडे काय असतं?"

दोघी हसल्या. ताई जरा उशिरा हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून खेपा सुरू झाल्या. ताई शिडी तपासायच्या आणि मला घेऊन साहेबांच्या खोलीत जायच्या. "तिसरी पायरी पाहिलीत? नीट पाहिलीत? थांबा, मीच येतो." साहेब उठायचे, ताईंनी तपासलेली शिडी पुन्हा तपासायचे, आणि मगच खण उघडायचे. चुकूनही कधी "बरोबर आहे तुमचं" म्हणाले नाहीत. एकदा ताईंनी एक शिडी नापास केली, ती त्यांनी सगळ्यांसमोर पास केली. का, ते सांगितलं नाही.

"काय ताई, निघाली का वरात?" वेल्डर ओरडायचा. "शिक्का ताईंचा, शाई साहेबांची!"

सुरुवातीला ताई चिडायच्या. मग हसण्यावारी न्यायला लागल्या. मग तेही सोडलं. आणि एक गोष्ट फक्त मलाच कळत होती, कारण मी त्यांच्या मुठीत असायचो. त्यांची टकटक कमी होत चालली होती. आधी सगळ्या पायऱ्यांवर, मग एकाआड एक, मग नुसती नजर. साहेब पुन्हा बघणारच आहेत, मग आपण कशाला कान द्यायचा? असं त्या कधी बोलल्या नाहीत. पण हात बोलतो.

मग साहेबांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. दोन दिवस रजा. जाताना त्यांनी पॅड ताईंच्या टेबलावर ठेवलं. "सांभाळा," म्हणाले. काय आणि कसं, ते नाही.

गाडी दारात उभी, पन्नास शिड्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. ताईंनी मला उचललं आणि दाबत सुटल्या. टकटक एकदाही नाही. त्या दिवशी मी पन्नास वेळा 'तपासले' म्हणालो आणि पन्नास वेळा खोटं बोललो.

आठवड्यानं बातमी आली. पायरी निसटून एक रंगारी वरून पडला होता. कंबरेचं हाड मोडलं. घरात तो एकटा कमावता.

चूक ताईंची होती. त्यांनी ती नाकारली नाही. पण साहेब कारखानाभर सांगत फिरले, "बघितलंत? म्हणून मी कुणावर सोडत नाही!" वाईट वाटायच्या ऐवजी त्या माणसाच्या आवाजात समाधान होतं. ते ऐकून माझं रबर आकसलं.

ताईंना पॅकिंगला पाठवलं. मी पुन्हा साहेबांकडे आलो.

वर्षानं साहेबांचा निरोपसमारंभ झाला. मालक भाषणात म्हणाले, "यांची जागा घेईल असं आज कारखान्यात कुणीही नाही." केवढ्या टाळ्या पडल्या! साहेबांचे डोळे भरून आले. ही स्तुती नव्हती हो! एका माणसानं वीस वर्षांत एकही माणूस घडवला नाही, याची ती जाहीर कबुली होती. पण मला कोण विचारतो?

समारंभ संपल्यावर मालकांनी ताईंना थांबवलं. "झालं गेलं विसरू. बघता का तपासणी? पॅड, शिक्का, सगळं तुमच्याकडे."

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते समोर आलं होतं. मी टेबलावरून ताईंकडे बघत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नको मालक. मला नाही जमायचं ते."

"बरं," मालक म्हणाले आणि दिवा बंद करून निघून गेले.

आता बाहेरून आणलेला माणूस तपासणी बघतो. तो स्वतःचा शिक्का घेऊन आलाय. मी कपाटात पडून आहे. रबराला तडे गेलेत, 'त' अर्धा झडलाय. मला कचऱ्यात टाकलंत तरी माझी तक्रार नाही.

पण तुमच्या हाताखाली माणसं असतील, तर एवढं ऐका. ताई अजून पॅकिंगलाच आहेत. त्यांच्यासारखं कुणी तुमच्याकडेही असेल. त्यांना एकदा पुन्हा विचारा. आणि त्या "नको" म्हणाल्या, तर लगेच "बरं" म्हणू नका.