वरच्या खाचेतली केबल

“नाकातले केस मोजता येतात म्हून नवीन ग्राफिक्स कार्ड घेऊ का बे मी?” प्रसेनजित स्क्रू ड्रायव्हर कानामागे खोचत म्हणाला. “पैले दोन वर्सांत दुनिया बदले. गेममधल्या माणसाले बोटं नव्हती, बोटं आली. पाणी हलत नव्हतं, हलाले लागलं. त्याले म्हणतात प्रगती. आता दहा वर्सं झाले, कंपन्या तेच डब्बे रंग देऊन इकून राह्यल्या.”

“दादा, उजेड पाहा ना तुमी,” प्रेम म्हणाला. “आता उजेड खरा पडते. कंदील हलवला तं सावली हलते.”

“सावली पाहाले मी भाईर उनात उभा राहीन. फुकट हाये.”

एसटी डेपोतला मेकॅनिक रवी खो खो हसला. जळगाव जामोदच्या बसस्टँडसमोरच्या या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दर रविवारी हाच वाद चाले आणि दर रविवारी प्रसेनजितच जिंके. दुकान त्याचं, जीभ त्याची.

आज मात्र प्रेमनं पुरावाच आणला होता. पुण्यात जोडून घेतलेला नवा कॉम्प्युटर काल पार्सलनं आला होता. घरी सुरू न करता तो त्यानं गोधडीत गुंडाळून गाडीतून थेट दुकानात आणला होता.

“म्हणलं, पैल्यांदा तुमच्याच समोर चालू करू.”

कॅबिनेटच्या काचेआड प्रसेनजितला ते कार्ड दिसलं. त्या कार्डाचे फोटो त्यानं मोबाइलवर बोटांनी ताणून ताणून पाहिले होते. चौदा वर्षं त्यानं तालुक्याला कॉम्प्युटर जोडून दिले. स्वतःच्या मशीनमध्ये मात्र कुणीतरी वापरून टाकलेलं कार्ड होतं, त्याचा मोडका पंखा काढून दुसरा तारेनं बांधलेला. आणि या पोरानं, ज्याला रॅम कशी बसवायची ते यानंच शिकवलं होतं, त्यानं पुण्याला ऑर्डर दिली. विचारलंसुद्धा नाही.

जुने गेम भारी, असं प्रसेनजित म्हणे ते काही ग्राफिक्सचा अभ्यास करून नाही. नवं परवडत नव्हतं म्हणून. परवडत नाही, हे माणूस दहा वर्षं उघड्या तोंडानं सांगू शकत नाही. मग तो सिद्धांत मांडतो. प्रेमच्या बापाच्या, किसनरावांच्या बागेत प्रसेनजितची आई संत्री तोडायला जात असे. प्रेमला ते ठाऊकही नव्हतं. त्याला ठाऊक नाही, याचाही प्रसेनजितला राग येई.

“आण, वायरी लावून देतो.”

“राहू द्या दादा, मी लावतो ना.”

तेही प्रसेनजितच्या मनाला लागलं.

पैज साधी होती. एकाच गेमचे दोन भाग: दहा वर्षांपूर्वीचा जुना प्रसेनजितच्या मशीनवर, यंदाचा नवा प्रेमच्या. दोन स्क्रीन शेजारी आणि कुठलं चांगलं दिसतं याचा निकाल रवीचा.

जुन्या भागात सुरुवातीचं बंदर झोकात उभं राहिलं. नव्या भागातलं बंदर आलं ते धुरकट आणि अडखळत. माणसं चालेनात, उचक्या दिल्यासारखी पुढे सरकत.

“अबे, ह्याले तं लकवा मारला!” रवीनं मांडीवर थाप मारली. “प्रेमशेट, दादाचा डब्बाच बरा तुयापेक्षा!”

प्रेमचे कान लाल झाले. “दादा, पाहा ना जरा मागं. काही चुकलं का मायं?”

प्रसेनजित टेबलामागे वाकला. त्याला अर्धा सेकंदही लागला नाही. स्क्रीनची केबल कार्डाच्या खाचेत न लावता प्रेमनं वरच्या, मदरबोर्डच्या खाचेत खुपसली होती. चित्र कार्डातून येतच नव्हतं; एवढं मोठं कार्ड नुसतं बसून होतं. खेड्यापाड्यांतून आठवड्याला दोन जण हीच तक्रार घेऊन येत, आणि केबल खालच्या खाचेत लावून तो त्यांना चहा पाजून पाठवी. या चुकीचे त्यानं कधी पैसे घेतले नव्हते.

त्यानं केबलला हात लावला. दाबून पाहिली.

“बराबर हाये सगळं,” तो म्हणाला.

रवी गेला. प्रेम स्टुलावर तसाच बसून राहिला.

“बाबा म्हणे, आंधी प्रसेनजितले इचार. मलेच शायनिंग माराची होती,” तो म्हणाला. “ठेवा हे तुमच्यापाशीच. इकून टाका. अन् मले तुमच्या हातचा एक बनवून द्या. तुमी म्हणता तेच खरं होतं, दादा.”

तो गेल्यावर प्रसेनजितनं दुकानाचं दार आतून लोटलं. केबल खाली लावली. सगळ्या सेटिंग वर चढवल्या.

बंदर उजाडलं.

मासे विकणाऱ्या बाईच्या टोपलीतलं पाणी तिच्या हनुवटीखाली कवडसे पाडत होतं. तो दोन पावलं सरकला तर कवडसेही सरकले. भिंतीवरचा ओला चुना, दोरीवरच्या लुगड्यातून झिरपणारं ऊन. कुठे जायचं, कुणाला मारायचं, काही सुचेना. तो नुसता त्या बाईसमोर उभा राहिला. शेजारच्या स्क्रीनवर त्याचं लाडकं जुनं बंदर पुठ्ठ्याचं वाटत होतं. दहा वर्षं तो खोटं बोलत होता आणि ते त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

बाईला डोळे मिटून ऊन खाताना पाहिलं आणि त्यानं प्रेमला फोन लावला.

“येऊन घेऊन जाय. केबल वरच्या खाचेत होती.”

“अरे! म्हंजे कार्ड चांगलं हाये? तुमाले आता दिसलं का?”

विचारण्यात कसलाच संशय नव्हता. हो म्हटलं असतं तर पोरानं पेढे आणले असते.

“नाही. मले दुपारीच दिसली होती.”

पलीकडून फोन कट झाला.

प्रेम आला. मॉनिटरवरचं बंदर त्यानं पाहिलं, पण आनंदला नाही.

“काऊन?” एवढंच त्यानं विचारलं.

“तुयं चांगलं दिसू नाही वाटलं.”

प्रेमनं एकेक वायर काढली, गुंडाळली. प्रसेनजित कॅबिनेटचं दुसरं टोक धरायला पुढे झाला.

“नोको.”

ते जड खोकं छातीशी कवटाळून पोरगा तिरका तिरका दाराकडे निघाला. दोन्ही हात गुंतलेले. प्रसेनजितनं चपळाईनं पुढे होऊन दार उघडलं आणि भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन, त्याला जाण्यापुरती वाट करून दिली.