कवळीची परीक्षा

छकुलीचं वय एक्केचाळीस. पण मामांच्या लेखी ती अजून छकुलीच, आणि मामांचं ऐकून सगळं खानदान तिला छकुलीच म्हणतं, तेव्हा आपणही तेच म्हणू. ही छकुली कवळ्या बनवते. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत ती दातांच्या ठशांत प्लास्टर ओतते, मेणात दात मांडते, गुलाबी हिरड्या घासून गुळगुळीत करते आणि संध्याकाळी केसांतली पांढरी भुकटी झटकत घरी जाते.

डॉक्टर माणसाला खुर्चीत बसवून दात कुठे टेकतात ते बघायला निळा कागद चावायला देतात, आरसा दाखवतात आणि 'छान' म्हणतात. छकुलीचा त्या 'छान'वर काडीचा विश्वास नाही. खुर्चीत काय, कोणीही शहाण्यासारखं बसतं! म्हणून नवी कवळी तोंडात गेली की ती त्या माणसाला सरळ रस्त्यापलीकडे जेवायला नेते. सहा टेबलांचं छोटं हॉटेल, मिळतं काय तर नूडल्स आणि भात. आधी चिकट भात, तो कवळीला ओढतो. मग नूडल्स, त्या पुढच्या दातांनी तुटल्या पाहिजेत. शेवटी वरून भुरभुरलेले तीळ. एक जरी तीळ कवळीखाली शिरला तरी भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. तिन्ही पार पडलं की कवळी पास. गेल्या सहा वर्षांत एकही नापास झाली नव्हती आणि त्याचा छकुलीला केवढा तोरा होता म्हणून सांगू!

आज पाळी खुद्द मामांची होती.

मामांनी पस्तीस वर्षं भाजीबाजारात लिलाव पुकारले. आवाज असा, की दोन गल्ल्या पलीकडे उभा असलेला व्यापारीही बोली लावून मोकळा व्हायचा. दात गेले तेव्हा भाचीसमोर तोंड वासून बसायची लाज वाटली म्हणून त्यांनी कुठूनतरी परस्पर कवळी करून घेतली. ती लेकीच्या सासरी जेवताना, एक किस्सा ऐन रंगात आला असताना सुटली आणि व्याह्यांच्या सूपमध्ये पडली. सगळे पोट धरून हसले. मामाही हसले. पण त्या दिवसापासून दोन वर्षं त्यांनी कोणासमोर घास तोंडात घातला नव्हता. बायकोसमोरसुद्धा नाही. खोलीचं दार लावून ते एकटेच मऊ भात गिळायचे.

मामी कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. पण महिन्यापूर्वी छकुली दुपारी अचानक त्यांच्याकडे गेली, तर मामी ओट्यापाशी उभ्या राहून पातेल्यातूनच जेवत होत्या.

"एकटीसाठी ताट काय वाढून घ्यायचं गं?" त्या सहज म्हणाल्या.

छकुलीला भडभडून आलं. दुसऱ्याच दिवशी तिने मामांना दवाखान्यात ओढून नेलं. मामांनी एकच अट घातली. "एकदाच. नाही जमलं, तर माझ्या दातांचं नाव पुन्हा काढायचं नाही."

तर असे मामा हॉटेलात भिंतीकडे तोंड करून बसले होते. नेमकी जेवायची वेळ, सगळी टेबलं भरलेली. भात पार पडला. नूडल्स आल्या. मामांनी दोन घास घेतले, तिसरा घेतला. छकुली घास मोजत होती.

"काय गं," मामा हळूच म्हणाले, "या चावायच्या असतात की प्यायच्या?"

"म्हणजे?"

"शेजारी बघ."

शेजारच्या टेबलावर एक पोस्टमन नूडल्सशी झटापट करत होता. छकुलीने मामांच्या वाडग्यातली एक उचलून तोंडात टाकली. ती जिभेवरच विरघळली. छकुली उठली आणि तडक स्वयंपाकघरात शिरली.

मालकीणबाई कढई परतत होत्या. त्यांना लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "अगं ताई, तू आणतेस ती म्हातारी माणसं. मी आपली त्यांच्या नूडल्स दहा मिनिटं जास्त उकळते. तीळ कुटून घालते."

"आणि भात?"

"त्यात थोडं तेल सोडते, चिकटायला नको."

"सहा वर्षं?"

"मग? कोणी तक्रार घेऊन आलं का?"

छकुलीचा तोरा तिथेच गळून पडला. हसावं की कपाळ बडवून घ्यावं तेच तिला कळेना. आणि मामांची परीक्षा तर अजून सुरूच झाली नव्हती! गप्प बसावं का? 'पास झालात' म्हणावं, मामा खूश, मामी खूश. पण उद्या घरी मामींसमोरच कवळी सुटली, तर ते दार पुन्हा कधीच उघडणार नाही. ती परत येऊन बसली आणि तिने मामांना सगळं खरं खरं सांगून टाकलं.

मामा उठले. निघाले वाटतं, म्हणून छकुलीही उठायला लागली. पण मामांनी खुर्ची भिंतीकडून फिरवली, सगळ्या टेबलांकडे तोंड केलं आणि दोन वर्षं घशात कोंडून ठेवलेला आवाज मोकळा सोडला.

"मालकीणबाई! या पोस्टमनसाहेबांसारख्या नूडल्स, अख्ख्या तिळांसकट! एक वार! दोन वार!"

माणसांचे घास हातातल्या हातात राहिले. छकुली मात्र मामांच्या वरच्या जबड्याकडे बघत होती. कवळी तसूभर हलली नाही.

"तीन वार!" आतून मालकीणबाई ओरडल्या. "आणते हो!"

पहिली नूडल तुटली नाही, हनुवटीवर लोंबत राहिली.

"समोरून ओढू नका, जरा कडेने चावा," छकुली पुटपुटली.

दुसरी तुटली. तिसरीही तुटली. चौथ्या घासाला मामांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"तीळ?"

"तीळ." त्यांनी चूळ भरल्यासारखं पाणी तोंडात घोळवलं आणि गिळून टाकलं. "डावीकडे टोचतंय."

"तेवढं उद्या घासून देते. मामा, खरं सांगा, नापास ना?"

मामांनी भिंतीवर घड्याळ शोधलं. "किती वाजले?"

"पावणेदोन."

"तुझी मामी आता ओट्यापाशी उभी राहील जेवायला. लाव तिला फोन."

छकुलीने हे त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. म्हणजे दाराआडून त्यांना सगळं माहीत होतं. तिने खाली मान घालून फोन लावला.

"गॅस बंद कर आणि निघ," मामा फोनमध्ये म्हणाले. "अगं, काही झालं नाही. जेवायला बोलावतोय."

वीस मिनिटांत मामी धापा टाकत हजर. झालं काय असेल, या काळजीने त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. त्या मामांसमोर बसल्या. वाडगा आला, तशी त्यांनी नजर वाडग्यातच ठेवली. नवऱ्याला संकोच वाटू नये, म्हणून वरही बघेनात. मामांनी मोठा घास भरला आणि मालकीणबाईंच्या सहा वर्षांच्या लबाडीची हकीकत सुरू केली. हातवारे चालले होते, गाल फुगला होता, ओठावरून एक नूडल लोंबत होती. शब्दांबरोबर एक तीळ उडून मामींच्या मनगटावर पडला.

मामींनी कळ काढली, काढली, आणि मग त्यांना राहवेना.

"अहो, आधी तोंडातला घास गिळा! मग बोला!"

बोलल्या आणि स्वतःच दचकल्या. मग त्यांचे डोळे भरून आले. त्या छकुलीकडे वळल्या.

"दोन वर्षं झाली गं," त्या म्हणाल्या, "यांना असं ओरडून."

मामांनी मुकाट्याने घास गिळला. लगेच दुसरा भरला, पहिल्यापेक्षा मोठा, आणि भरल्या तोंडाने पुढची हकीकत सांगायला लागले.