हरण्याला हळद

आमच्या घरात पत्त्यांना बंदी आहे. दारूलाही आहे, पण एखादा पाहुणा लग्नातून झिंगून आला तर आई त्याला ओसरीवर झोपू देते, सकाळी वर ताकही देते. तोच पत्ते घेऊन आला असता तर त्याला गोठ्यातसुद्धा जागा मिळाली नसती.

याला कारण आमचे आबा, महिपती. आंबी गावात त्यांच्यासारखा मेंढीकोट खेळणारा दुसरा नव्हता आणि त्यांच्याइतका कामचुकारही. देवळाच्या मंडपात डाव बसला की त्यांना ना भूक ना तहान. जेवायला हाका मारून आईचा घसा बसायचा. असंच एकदा बैल ओढ्याला सोडून ते मंडपात बसले आणि आमचा हरण्या गेला. कुणी चोरला की आपणहून कंटाळून निघून गेला, देवाला ठाऊक. पार सोमाटण्यापर्यंत शोधला, मिळाला नाही. जोडीतला एक गेल्यावर दुसऱ्याचं काय करायचं, म्हणून तोही विकला. आई दोन दिवस जेवली नाही. मग तिनं पत्त्यांचा जोड चारी राण्यांसकट चुलीत घातला आणि आबांना म्हणाली, "ह्याच्या फुडं घरात पत्ता दिसला तर चुलीत तुमी." आबा गेले तोवर पुन्हा घरात पत्ता दिसला नाही.

आणि मी, त्यांचा चिरंजीव कैलास, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पत्ते खेळायला लागलो. रक्त कुठं जातं!

मी आंबीच्याच एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दिवसभर पार्ट उचलायचा, फिरवायचा आणि म्हणायचं, रिजेक्ट. या कामात माणसं जोडली जात नाहीत. कॅन्टीनला मी बसलो की समोरच्याचं जेवण लवकर संपतं.

झालं असं की मेव्हणीला चिक्की हवी होती, तीही लोणावळ्याचीच आणि रविवारीच. रविवारी लोणावळ्यात जाणारा एक तर पर्यटक असतो, नाहीतर गाढव. मी पर्यटक नव्हतो. गर्दीत गाडी अडकली, वैतागून तुंगार्लीकडं वळवली आणि तळ्याजवळच्या एका कॅफेत शिरलो. चहा नव्हता. 'टर्मरिक लाटे' होतं, म्हणजे हळदीचं दूध, दोनशे रुपये. आमच्याकडं खोकला झाल्यावर हे फुकट देतात आणि तरी कुणी पीत नाही.

आत चांगली कळती माणसं पत्ते खेळत होती. मला वाटलं जुगार आहे, जरा बघावं. तेवढ्यात कॅफेची मालकीण वल्लरी आली. तिशीची, बोलायला नुसती तोफ. "काका, एक जण कमी पडतोय, बसता का? मी शिकवते." आणि काय काका? माझे केस गेलेत, वय नाही. पण बसलो.

खेळाचं नाव इंग्रजी आणि असं लांबलचक आहे की मी ते अजून पूर्ण म्हटलेलं नाही. प्रत्येकानं आपापला जोड आणायचा. पत्ते बंद पाकिटात मिळतात, आत काय निघेल ते नशीब. कुणी पत्ते जमवून कपाटात ठेवतो, कुणी खेळतो. खेळताना आधी जमिनीचे पत्ते टाकायचे, मग त्या जमिनीच्या जोरावर राक्षस, जादूगार, जनावरं उतरवायची आणि समोरच्यावर सोडायची. जमिनीच्या जोरावर उड्या मारायला मावळातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. फरक एवढाच, इथली जमीन विकता येत नाही.

मी फोडलेल्या पहिल्याच पाकिटातून बैल निघाला. सहा शिंगांचा, नाकातून जाळ सोडणारा, चकचकीत. अख्खा कॅफे माना वळवून बघायला लागला. शेजारच्या टेबलावरचा सुश्रुत, तळेगावचा दातांचा डॉक्टर, उठून आला आणि म्हणाला, "हा देता का? म्हणाल तो मोबाइल घेऊन देतो."

"घरचा बैल आहे," मी म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक. बैलाला इंग्रजी नाव होतं, पण मी त्याला मनातल्या मनात हरण्या म्हणायला लागलो.

त्यानंतर मी दर रविवारी गेलो आणि दर रविवारी हरलो. आख्खा पावसाळा हरलो. सगळ्यात जास्त सुश्रुतकडून. तो खाली पांढरंशुभ्र कापड अंथरायचा, पत्ता कडेला दोन बोटांत धरायचा, मला धुवून काढायचा आणि वर म्हणायचा, "छान खेळलात." असा राग यायचा की त्याची बत्तीशी त्याच्याच हातात द्यावी.

पण खरं सांगतो, मला तो खेळ आवडला होता. लाज वाटावी इतका आवडला होता. आठवडाभर मी दुसऱ्यांच्या चुका काढायचो. तुंगार्लीत सगळ्या चुका माझ्या असायच्या आणि वल्लरी शेजारी बसून म्हणायची, "काका, असं नाही, असं करून बघा." इतक्या वर्षांत मला कुणी काही शिकवायला धजलं नव्हतं.

पत्त्यांचं खोकं मी कपाटावर जुन्या रजईमागं लपवलं होतं. आईला पत्ता नव्हता, पण बायकोपासून काय लपतं? अनितानं एकदा खोकं खाली काढलं आणि माझ्यासमोर आपटलं.

"रविवारचा दिवस नुसता हरायला घालवताय. जिंकून तरी या एकदा! घट बसायच्या आत एक डाव जिंका, मी पुन्यांदा तोंड उघडनार न्हाई. न्हाई जिंकलात तर घराच्या साफसफाईत हे भंगारात."

"चालेल," मी म्हणालो. मर्द गडी ना. मग परत हरत राहिलो.

होता होता शेवटचा रविवार उजाडला. भादव्यातली अवस, म्हणजे सर्वपित्री आणि आमच्याकडचा पोळा एकाच दिवशी. दुसऱ्या दिवशी घट बसणार. सकाळी आईनं आबांच्या नावानं पान वाढून पत्र्यावर ठेवलं, तर कावळा लगेच हजर. आबा जिवंतपणी कधी एका हाकेत जेवायला आले नाहीत, कावळा झाल्यावर मात्र शिस्त लागली.

आता गोठा रिकामा म्हणून आई पोळ्याला मातीचे बैल पुजते. मी नमस्कार करायला वाकलो तो वाकलेलाच राहिलो. पाटावर मातीच्या जोडीशेजारी माझा सहाशिंगी पत्ता भिंतीला टेकून उभा. प्लास्टिकचं कव्हर काढलेलं. खांद्यावर हळदीचा थर, कपाळाला कुंकू, पुढ्यात पुरणपोळी.

"आई! हे कुटं घावलं तुला?"

"कपाटावर झाडताना. काय देखणा बैल हाय रं! आन् प्लास्टिकात कोंडलावता. काल सांजच्याला खांदं मळलं त्येचं, तूप-हळद लावून. मातीच्याचं मळावं तर इरघळत्यात मेले." तिनं पत्त्याकडं मान तिरकी करून बघितलं. "शिंगं जरा जास्तीच हायेत. पन येसन कुटं हाय ह्येची?"

मी पत्ता उचलून पाठ बघितली. रात्रभरात तूप कागदात मुरून मागं आरपार उतरलं होतं. मधोमध रुपयाएवढा पिवळाजर्द डाग. मोबाइलच्या किमतीचा बैल गेला बाराच्या भावात. आणि बोंब मारायचीही सोय नाही. हा पत्ता आहे म्हणून सांगितलं असतं तर चूल नाही, पण गॅस होता.

"जरा मिरवून आनतो ह्याला," मी म्हणालो. पोळ्याला बैल मिरवायचाच असतो.

"आन की. पन नजर लागू दिऊ नगंस." तिनं माझ्या हातात पोळ्यांचा डबाही दिला, तुपानं थबथबलेला.

कॅफेत माझी गाठ नेमकी सुश्रुतशीच पडली. मी जोड टेबलावर ठेवला आणि त्यानं लगेच शाळेतल्यासारखा हात वर केला. "वल्लरी, खुणेचा पत्ता."

वल्लरीच तिथली पंच. तिनं जोड पसरला. माझी कव्हरं स्वस्तातली, दोन्हीकडून आरपार दिसणारी. सगळ्या निळ्या पाठींत एक पिवळा डाग लांबूनच दिसत होता. "काका, मागून पत्ता ओळखू आला तर ती फसवणूक धरतात. तुम्ही मुद्दाम नाही केलंत, कळतंय मला. पण हा बाहेर ठेवा, नाहीतर डाव सोडा."

"मागून काही न दिसणारी काळी कव्हरं दे मग."

"कालच संपली हो."

मला ब्रह्मांड आठवलं. बैल बाहेर ठेवून मी काय जिंकणार? माझ्या जोडात बाकी सगळा भरणा. आणि पोळ्याच्या दिवशी, पूजा झालेल्या बैलाला म्हणायचं, तू थांब बाहेर? क्वालिटीतला मी, माझाच बैल रिजेक्ट झाला होता.

आणि तिथंच डोक्यात उजेड पडला. आमच्यात एक पीस वेगळा आला तर रिजेक्ट. सगळा लॉटच तसा असला तर त्याला डिझाइन म्हणतात.

"वल्लरी, मागून ओळखू येता कामा नये, एवढंच ना? मग सगळ्यांनाच हळद लागली तर?"

तिनं मोबाइलवर नियम उघडले, खालवर केले आणि हसायलाच लागली. "सगळे सारखे असले तर... चालायला पाहिजे."

"तुझी ती दोनशे रुपयेवाली हळद आण," मी म्हणालो.

तिनं बरणी आणली. तूप माझ्या डब्यात होतं. मी कव्हरं काढून फेकली आणि एकेका पत्त्याच्या पाठीवर मधोमध अंगठा दाबत सुटलो. राक्षसांना हळद, जादूगारांना हळद, पडीक जमिनीलाही हळद. बाकीची टेबलं खेळ सोडून भोवती जमली. सुश्रुत कण्हत होता. "अहो, काय करताय! पत्ते आहेत ते!"

"लग्न आहे त्यांचं," मी म्हणालो.

वल्लरीनं सगळे पत्ते पिसून पालथे पसरले आणि सुश्रुतला म्हणाली, "ओळख बैल." त्यानं बराच वेळ निरखून एक उचलला. निघाली पडीक जमीन. डाव मंजूर झाला.

सुश्रुत चांगला खेळला. मी पण बरा खेळलो, म्हणजे नेहमीपेक्षा उशिरा मरायला टेकलो. माझा जीव काठावर आला असताना हरण्या हातात आला. मी त्याला उतरवला. पुढच्या चालीला तो सुटणार आणि सुश्रुतचा खेळ खलास होणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मधे फक्त सुश्रुतची एक चाल होती.

त्यानं हातातल्या पत्त्यांवरून नजर फिरवली. मग हरण्याकडं बघितलं. मग त्याची दोन बोटं टेबलावरून हळूहळू हरण्याकडं सरकली आणि वीतभर अंतरावर थांबली. हरण्याच्या खांद्यावर तूप चकाकत होतं. सुश्रुतनं खालच्या पांढऱ्या कापडाकडं बघितलं, त्यावर मांडलेल्या आपल्या कोऱ्या करकरीत पत्त्यांकडं बघितलं, आणि बोटं मागं घेतली.

"नको," तो म्हणाला. "तुमची चाल."

मी हरण्या सोडला. जिंकलो! असा ओरडलो की तळ्यावरचे बगळे उडाले असतील. वल्लरीनं टाळ्या वाजवल्या आणि एक टर्मरिक लाटे फुकट दिलं. मी ते पूर्ण प्यालो.

सुश्रुतनं हातातला पत्ता उलटा करून दाखवला. त्यावर काळं पांघरूण घेतलेला चोर होता. समोरच्याचं जनावर उचलून आपल्या बाजूला न्यायचं, हे त्याचं काम.

"मग नेला का नाही?" मी विचारलं.

"अहो, तूप आहे त्याला," तो रडवेला होऊन म्हणाला. मी त्याला डब्यातली पोळी दिली आणि म्हणालो, "छान खेळलात."

घरी आलो तर अनिता दारातच. "काय झालं?"

"जिंकलो!" मी म्हणालो आणि चपला काढायच्या आधीच सगळं सांगायला लागलो. हळद, अंगठा, पांढरं कापड. बोलण्याच्या भरात मला आई मागं येऊन उभी राहिलेली दिसलीच नाही. "आणि चोर तयार होता त्याच्या हातात, पण हरण्याला न्हेता आलं न्हाई त्याला! हात लावता आला न्हाई!"

"कोन चोर?" आई म्हणाली. "पत्त्यातला व्हय?"

अनिता भिंतीकडं बघायला लागली.

"माज्याकडं बघ. मी काय आंधळी हाय? तुज्या बापासंगं जल्म काढला. पत्ता मला वासावरनं कळतो."

"मग जाळला का न्हाईस?"

आईनं माझ्या हातातून हरण्या घेतला. तिच्या अंगठ्याखाली खांद्यावरची हळद पुन्हा ओली दिसायला लागली.

"पत्त्यापायी गेलावता," ती म्हणाली. "पत्त्यातनं आला. घरला आलेल्या बैलाला कुनी चुलीत घालतं व्हय रं?"

मग तिनं डोळ्याला पदर लावला, त्याच पदरानं हरण्याची सहाही शिंगं पुसली आणि त्याला देव्हाऱ्यात मातीच्या जोडीशेजारी उभा केला. "उद्या घट बसनार. आता ते उठूस्तवर ह्येला कुनी जागचा हलवायचा न्हाई," तिनं सांगितलं. म्हणून पुढच्या रविवारी मी बिनबैलाचा खेळायला गेलो आणि सपाटून हरलो.