पहिल्या दिवसाची नळी

मी एक जुना फ्रीझर आहे. मित्रांनो, तुमच्या घरातल्या आइस्क्रीमवाल्या फ्रीजशी माझी बरोबरी करू नका. तो उणे अठरावरच हाशहुश करतो. मी उणे ऐंशीवर बसतो, आणि कुरकुरत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. शिक्षण काहीच नाही, तरी थेट प्रयोगशाळेत नोकरी लागली. या भागातल्या एचआयव्ही झालेल्या माणसांचे रक्त नळ्यांतून माझ्या पोटात येऊ लागले. नळीवर नाव नाही, फक्त आकडा; कुठला आकडा कुणाचा, ते वेगळ्या वहीत. गुपिते पोटात ठेवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

लोकांना वाटते, एचआयव्ही म्हणजे एकच विषाणू. छे, ते मोठे खटले आहे. चुलत, मावस, सावत्र, सगळे आहेत. आमच्या भागात तर त्यातल्या दोन घराण्यांची सोयरीक होऊन मिश्र वंशही निघाला आहे. शिवाय हा विषाणू स्वतःची नक्कल उतरवताना इतक्या चुका करतो, की कुठलाही मास्तर त्याला नापास करील. पण अशाच एखाद्या चुकीमुळे तो गोळीला दाद देईनासा होतो.

सुरुवातीला पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. मग माझ्या दाराची कडी मोडली. दार सुतळीने बांधले गेले आणि मी 'खोका' झालो. एके दिवशी अंगावर कागद चिकटला: 'शुक्रवारी भंगारात. नळ्या नष्ट कराव्यात.'

बुधवारी समोरच्या खुर्चीत शिवणकाम करणाऱ्या मावशी रक्त द्यायला बसल्या. दोन वर्षे औषध चालू होते, तरी विषाणू वाढलेला आणि वजन नऊ किलो उतरलेले.

"मावशी, गोळ्या चुकवता ना?" डॉक्टरांनी विचारले.

"एकही नाही."

"सगळे असंच म्हणतात. तीन महिने नेमानं घ्या, मग औषध बदलायचं बघू."

"मी टाका चुकवत नाही, गोळी काय चुकवीन? आणि तीन महिन्यांनी बघायला मी उरले पाहिजे ना."

तंत्रज्ञ ताई सुई बाजूला ठेवून म्हणाल्या, "डॉक्टर, यांची पहिल्या दिवसाची नळी असेल. गोळ्या सुरू होण्याआधीची. विषाणू तेव्हाच औषधाला दाद देत नसेल, तर दोष गोळ्या चुकवण्याचा नाही."

"त्या खोक्यात?"

"त्याच खोक्यात."

ताईंनी सुतळी सोडली, नळी काढली आणि जाताजाता माझ्या अंगावरचा कागदही काढला. आठवड्याने उत्तर आले. मावशींच्या तीन औषधांपैकी दोहोंना त्यांचा विषाणू पहिली गोळी पोटात जाण्याआधीच जुमानत नव्हता. म्हणजे तो दुसऱ्या कुणाकडून तसाच आला होता. म्हणून ताईंनी आजूबाजूच्या वस्त्यांतल्या जुन्या नळ्याही तपासल्या. अकरा नळ्यांत तोच प्रकार.

"मावशी, चूक माझी," डॉक्टर म्हणाले.

"असू द्या. औषध बदला."

त्यांचे बदलले, आणि त्या अकरा जणांनाही बोलावणे गेले. मावशींचे वजन आता चढते आहे. मागच्या महिन्यात त्या जाड कापडाचा पट्टा घेऊन आल्या, दुहेरी शिवणीचा. आज सुतळीच्या जागी तोच आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू भंगारात काढण्याआधी एकदा उघडून पाहा. माणसाला खोटे ठरवण्याआधी तर पाहाच. झाले, एवढेच सांगायचे होते. आता दार लावा, पट्टा ओढून घ्या. आत अजून बरेच जण आपला आकडा पुकारला जाण्याची वाट पाहत आहेत.