चौथ्यांदा उघडलेली भेग

मित्रांनो, मी डोंगर आहे. जुना आहे हे वेगळं सांगायला नको, माझं टक्कल बघून ते कळतंच. आज तुम्हाला माझी कहाणी सांगायची आहे, पण आधीच सांगून ठेवतो, मी वैतागलेला आहे. पुस्तकातले डोंगर कसे शांत आणि धीरगंभीर असतात. तसलं काही माझ्याकडून होणार नाही.

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांची हद्द माझ्या पाठीवरून जाते. पेणकडची माणसं मला बोडका म्हणतात, रोह्याकडची म्हातारा म्हणतात. वणवा लागला की पेणकडचे म्हणतात, तो रोह्याचा डोंगर. रोह्याकडचे म्हणतात, छे, तो पेणचा. आणि करवंदं पिकली की मी दोघांचाही सख्खा मामा! अशी ही माणसं, आणि यांच्यात मी गेली कित्येक शतकं दिवस काढतोय.

माझा जन्म आगीतला. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून तापलेला रस वर आला, लांबवर पसरला आणि थंड होऊन त्याचा काळा दगड झाला. मग बराच काळ काही नाही. त्या काळात वरचा दगड झिजून त्याची लाल माती झाली. पुन्हा रस आला, पुन्हा दगड झाला. असा मी थराथरांनी वाढलो. काळा दगड, मध्ये लाल मातीचा पातळ थर, वर पुन्हा काळा दगड. ही लाल माती नीट ध्यानात घ्या. भिजली की ती साबणाच्या वडीसारखी बुळबुळीत होते. माझ्या सगळ्या दुखण्याचं मूळ तीच आहे.

पूर्वेला सह्याद्रीची मोठी भिंत उभी आहे. तिच्यातून खाडीकडे फुटलेला मी एक फाटा. माझ्यावर पडलेलं पाणी मी अंबा नदीला देतो, ती ते नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीत नेते. माझ्या थोरल्या भावांवर किल्ले झाले, त्यांची नावं इतिहासात आली. माझ्या वाट्याला एक चौकी आली. चार शिपाई खाडीतल्या गलबतांवर नजर ठेवायचे आणि उरलेला वेळ जांभया द्यायचे. त्या चौकीचे चार दगड अजून आहेत, पण ते बघायला कुत्रंसुद्धा येत नाही.

त्या शिपायांच्याही आधी इथे ठाकर आले होते. माझ्या खांद्यावरची सपाटी बघून त्यांनी झोपड्या घातल्या, उतारावर पालापाचोळ्याचा राब भाजून नाचणी-वरी पिकवली. त्यांच्या म्हाताऱ्यांनी एक नेम घालून दिला होता, डोंगराच्या पोटाखाली घर बांधायचं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "झोपलेल्या म्हशीच्या पोटाशी कोन निजतो का? तिनं कूस बदलली तर?" मला म्हैस म्हटलं, पण खरं सांगतो, राग आला नाही. माझा स्वभाव ओळखणारी तेवढीच माणसं मला आजवर भेटली.

मग कोळसेवाले आले. ऐन, किंजळ, जे हाताला लागलं ते तोडलं आणि भट्ट्या लावल्या. माझं डोकं भादरलं ते तेव्हा. मुळांनी धरून ठेवलेली माती मोकळी झाली आणि दर पावसात थोडी थोडी खाली जायला लागली. कुणाला काही वाटलं नाही.

आणि साठेक वर्षांपूर्वी खाडीची माणसं आली. माझी खरी गोष्ट इथून सुरू होते.

धरमतरच्या खाडीकाठी त्यांची भातशेती होती. खाडीच्या बाजूने मातीचा लांबच लांब बांध, आणि बांधाच्या आत शेतं. एका भाद्रपदात मोठं उधाण आलं, बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं आणि जमिनी मिठाने मेल्या. एकोणीस कुटुंबं भांडीकुंडी डोक्यावर घेऊन माझ्याकडे निघाली. त्यांच्यातला काळुराम तेव्हा दहा वर्षांचा होता, बापाचं बोट धरून चालत होता. ठाकरांनी त्यांना सांगितलं, "हितं नको, पुढं सरका." पण खाडीच्या माणसाला भीती ठाऊक एकच, पाण्याची. डोंगर दिसला की त्याला वाटतं, सुटलो बाबा! त्यांनी नेमकी माझ्या पोटाखालची जागा धरली आणि एकोणीस घरं बांधली.

माणसं कष्टाळू, हसरी, भांडखोर. मला आवडायची. पायथ्याशी त्यांनी भाताची खाचरं केली, झऱ्याला दगडी काठ बांधला. दसऱ्याला माझ्या पायाशी नारळ फोडायचे. नारळ फोडणं सोपं असतं मित्रांनो, ऐकणं अवघड असतं.

काळुरामचं लग्न धोंडुबाईशी झालं, त्यांना हरेश झाला. हरेश मोठा झाला आणि चार वर्षांपूर्वी त्याने पोकलेन आणलं. वाडीच्या मागे माझा पायथा कापायचा आणि मुरूम डंपरमध्ये भरून पाठवायचा. रस्त्याला मुरूम, गोदामाला मुरूम, खाडीकाठच्या खाजणात पडणाऱ्या प्लॉटच्या भरावाला मुरूम. ज्या खाजणातून याचा आजा पळून आला, तेच खाजण बुजवायला माझे पाय निघाले! हसावं की रडावं?

धोंडुबाई एकदा त्याला म्हणाली, "हरेश, पाय तोडल्याव मानूस उभा ऱ्हातो का रं?"

"आये, यो डोंगर हाय," हरेश म्हणाला. "यो कुठं जातो?"

मागच्या वर्षी आषाढात, वाडीच्या बरोबर वर, माझ्या माथ्यावर भेग पडली. मला तोंड नाही. वणवा लागला तरी मला ओरडता येत नाही. भेग हीच माझी हाक. काळुराम भारंगीची भाजी खुडायला वर आला होता. त्याने ती पाहिली, बसला, हात घातला. चार बोटं आत गेली. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, ऐकलं बुवा एकाने.

तो धावत खाली गेला आणि ओरडला, "भेग पडली, भेग!" घरटी एक माणूस घमेलं घेऊन बाहेर पडला. खाडीच्या बांधावर असंच करतात. भेग दिसली की घरटी एक माणूस धावतो, चिखलात पेंढा कालवतो, भेगेत भरतो आणि टाचेने दाबतो. तसंच त्यांनी माझ्या माथ्यावर केलं. इतकं सुबक काम की बोट फिरवलं तरी कळू नये. काळुरामने मला थोपटलं. "आता थेंब जायचा नाय," तो म्हणाला.

अरे देवा! पाणी थोडं अडलं, कबूल. पण बांधाची भेग वेगळी आणि माझी वेगळी. माझे पाय सुटलेत, पोटाखालून निघा, हे सांगायला ती पडली होती. हाक मारणाऱ्याच्या तोंडात यांनी बोळा कोंबला आणि शाबासकी घेत घरी गेले.

मात्र चिखल दाबता दाबता काळुराम पोरांना एक गोष्ट सांगत होता, ती ऐकून मला धीर आला. बांधाचा एक जुना कायदा आहे. एकाच जागची भेग तीनदा बुजवायची. चौथ्यांदा उघडली तर माती टाकायची नाही, बांध सोडायचा. पोरंबाळं, गुरं घेऊन निघायचं, कारण तेव्हा खालची जमीनच गेलेली असते. काळुरामच्या बापाने हा कायदा पाळला म्हणून ती एकोणीस कुटुंबं जिवंत राहिली होती. मी म्हटलं, ठीक आहे, यांच्याच भाषेत बोलू या. चार वेळा उघडू.

नागपंचमीला मी दुसऱ्यांदा उघडलो. पुन्हा घमेली, पुन्हा चिखल, पुन्हा थोपटणं. आठ दिवसांनी तिसऱ्यांदा उघडलो, आणि इथे घात झाला. त्या दिवशी काळुराम नागोठण्याच्या बाजाराला गेला होता. भेग पाहिली ती हरेशने. बापाचा कायदा त्याला पाठ होता. ही तिसरी, म्हणजे पुढची चौथी, म्हणजे वाडी उठणार आणि वाडीबरोबर त्याचं पोकलेनही उठणार. तो गुपचूप खाली गेला, चिखल-पेंढा घेऊन एकटाच वर आला आणि भेग बुजवली. बापाने शिकवलं होतं तशीच, टाचेने दाबून, अगदी सुबक. कुणाला सांगितलं नाही.

मी बोंबललो असतो हो, पण कशाने? बकऱ्या घेऊन परतणाऱ्या धोंडुबाईने मात्र त्याला उतरताना पाहिलं. हातापायांना चिखल, काखेत रिकामं घमेलं. ती सारं समजली. पण पोटचा पोर तो, ती गप्प बसली.

पिठोरीच्या आदल्या दिवशी मी चौथ्यांदा उघडलो. तीन दिवस पाऊस खळला नव्हता. आत लाल माती पुरती भिजली होती, वरचा दगड तिच्यावर ठरत नव्हता. वाडीमागच्या झऱ्याला तांबडं पाणी यायला लागलं. सकाळी काळुराम वर आला, बघितलं, खाली उतरला आणि अंगणात उभं राहून ओरडला, "तिसऱ्यांदा उघडली! चला, घमेली घ्या!"

चौथ्यांदा रे बाबा, चौथ्यांदा! एवढ्या कोटी वर्षांत मी इतका हतबल कधी झालो नव्हतो. एकोणीस माणसं घमेली घेऊन पावसात उभी राहिली. ती वर आली असती तर माझ्याबरोबरच खाली गेली असती, आणि घरातली पोरंबाळं खाली गाडली गेली असती. हरेशही घमेलं घेऊन उभा होता. मान खाली.

धोंडुबाई दारातून बाहेर आली. "माती टाकू नका," ती म्हणाली.

"का गो?" काळुरामने विचारलं.

"ही तिसरी नाय. चवथी हाय."

"मीच बुजवल्या ना दोनी टायमाला? मना मोजता येत नाय का?"

"तुमी दोनदा बुजवली. तिसऱ्यांदा यानी बुजवली." तिने हरेशकडे बोट केलं. "तुमी बाजाराला गेलते तवा. मी माझ्या डोल्यांनी बघितला."

"आये!" हरेश कळवळला.

"गप ऱ्हा. पंधरा दिस मी गप ऱ्हायले, तीच माझी चूक झाली."

काळुरामने हरेशकडे पाहिलं. "व्हय का रं?"

"बाबा, यो बांध नाय. यो डोंगर हाय," हरेश पुटपुटला. पण नाही म्हणाला नाही.

काळुरामने घमेलं खाली ठेवलं. म्हातारा ओरडला नाही की पोरावर हात उगारला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं फक्त म्हणाला, "बांध सोडायचा."

तासाभरात वाडी रिकामी झाली. म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं, गुरं सोडली आणि सगळी खाली रस्त्यालगतच्या शाळेत जाऊन बसली. मी दात-ओठ आवळून धरून राहिलो होतो. दुपारी चारच्या सुमाराला मला धरवलं नाही. एकोणीस घरं गेली, झऱ्याचा काठ गेला, दावं सोडायचं राहून गेलेल्या दोन बकऱ्या गेल्या. हरेशचं पोकलेनही गेलं. त्याचं वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, नाही वाटलं. बकऱ्यांचं वाटलं. माणूस मात्र एकही गेला नाही.

आणि दुसऱ्या दिवशी जो आला तो काय म्हणाला? "डोंगर कोपला." "डोंगरानं दगा दिला." दगा? मी? चारदा सांगितलं होतं, लेको! एवढ्या वेळा तर तुमची आईसुद्धा जेवायला हाक मारत नाही. पाय कापले तुम्ही, केस कापले तुम्ही, तोंड बुजवलं तुम्ही, आणि कोपलो मी?

असो. ओरडून माझाच घसा बसायचा, आणि घसा तर मला नाही.

आता आजचं सांगतो. वर्षभर ही माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. आता त्यांना घरांसाठी जागा मिळाली आहे. कुठे, सांगा बघू? माझ्याच दुसऱ्या अंगाला, रोह्याकडे, पुन्हा पोटाखाली! सपाटी करायला तिथेही पायथा कापलाय, आणि दुसऱ्याच्या पोकलेनवर बसून तो कापलाय हरेशने. त्याला दुसरं काही येत नाही. काळुराम म्हणतो, रस्ता जवळ आहे, शाळा जवळ आहे, नळ येणार आहे. सगळं खरं आहे. उद्या सकाळी पहिला खड्डा खणायचा ठरलाय.

पण धोंडुबाई अडून बसली. "आधी वर जाऊन बघते. मंग खना काय खनायचा तो," म्हणाली. घरातले हसले. तिचे गुडघे दुखतात, तरी काठी टेकत टेकत ती आज सकाळी निघाली आणि आत्ता माझ्या माथ्यावर येऊन बसली आहे. एकटीच. घाम पुसते आहे.

"बाबा," ती मला म्हणते आहे, "खाडीचा सारा म्हायती हाय मना. तुझा काय बी म्हायती नाय. हाय का रं भेग? असली तर दाव मना."

मित्रांनो, कितीतरी माणसं माझ्यावर येऊन राहिली. घराचा खांब पुरण्याआधी वर येऊन मला विचारणारी ही पहिली. आणि भेग आहे! तिच्या पाठीमागे, तीन पावलांवर, कारवीच्या झुडपाआड. बोटभरच रुंद आहे अजून. धोंडुबाईने समोर पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कारवीच्या मागे पाहिलं नाही. आता ती काठी उचलते आहे, म्हणते आहे, "नाय वाटतं कुठं." ती उतरायला निघेल.

तुम्हाला तोंड आहे ना? मग तेवढं करा माझं काम. तिला हाक मारा. सांगा, आजी, थांब, कारवीच्या मागे बघ. आणि जरा मोठ्याने सांगा, तिच्या डाव्या बाजूने. उजव्या कानाने तिला कमी ऐकू येतं.