मौसूम तांडेलाच्या मनगटावर

मित्रांनो, माझी काच आता ओरखड्यांनी भरली आहे आणि कड्यावरचे आकडे निम्मे पुसले गेले आहेत. तरी माझा काटा उत्तर चुकत नाही. मी पाण्याखाली वाट दाखवणारे एक जुने होकायंत्र आहे.

दूर, थंडीच्या मुलखातल्या एका लहान कारखान्यात मी तयार झाले. खोल पाण्याचा दाब पोकळ वस्तूला चिरडतो, म्हणून माझ्या पोटात काठोकाठ तेल भरले. तेलात काटा बसवला, भोवती फिरते कडे लावले आणि काचेवर मधोमध एक लाल रेघ ओढली. रेघ नाकासमोर धरायची, काटा कड्याच्या दोन खुणांमध्ये ठेवायचा आणि पाय मारत राहायचे. माझे सारे शास्त्र एवढेच. ते पाळणे मात्र भल्याभल्यांना जमत नाही.

मालदीवला मी आले ती शिफाझाच्या मनगटावर. ती तेव्हा बुडी मारायला शिकत होती. पुढे तिने आपल्या बेटावर स्वतःची शाळा काढली. किती पाहुण्यांना आम्ही दोघींनी प्रवाळांच्या भिंतींवरून हिंडवून परत आणले! वर आल्यावर लोक तिचे हात हातात घेत, आणि मी त्याच हातावर असे. ते दिवस माझ्या मानाचे होते.

मग तिच्याकडे चकचकीत पडद्याचे यंत्र आले. खोली, वेळ, दिशा, सगळे तेच सांगू लागले. मी तुटक्या बकलांबरोबर एका प्लास्टिकच्या डब्यात जाऊन पडले. मला कुणी धुतले नाही. कड्याखाली मीठ साचले आणि ते फिरेनासे झाले.

मला डब्यातून बाहेर काढले ते शिफाझाच्या वडिलांनी. मासेमारी होडीचा तांडेल, म्हणजे वाट ठरवणारा म्होरक्या, मौसूम हे त्या बेटावरचे मोठे नाव. जमीन दिसेनाशी झाली तरी ढगाच्या पोटावरची हिरवट झाक पाहून हा माणूस खाली उथळ पाणी आहे हे सांगे. आता होडी थकली होती, त्याचे गुडघेही थकले होते. त्याच सुमारास शिफाझाचा जोडीदार दुसऱ्या बेटावरच्या मोठ्या हॉटेलात नोकरीला गेला. पाहुण्यांच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन जाणकार असल्याशिवाय शिफाझा कुणाला खाली नेत नसे. शाळा बंद करून तिलाही बेट सोडावे लागणार, असे दिसत होते.

"मी येतो तुझ्या मागे," तांडेल चहा पिता पिता म्हणाला.

"बप्पा, ही मासेमारी नाही. शिकावं लागतं."

"मग शिकव की! समुद्र तोच आहे ना?"

"शिकवीन. पण बाप म्हणून सूट मिळणार नाही."

"मागितली कुणी?"

शिफाझाने त्याच्यासमोर नव्या यंत्रांची पेटी उघडली. तो ती बाजूला सारून डब्यात हात घालू लागला. मी हाताला लागले. त्याने मला गोड्या पाण्यात भिजत ठेवले, कड्याखालचे मीठ काडीने कोरून काढले. कडे पुन्हा फिरले तेव्हा मला काय वाटले, ते शब्दांत सांगता येणार नाही.

श्वास, कानांचा दाब, पाण्यात तरंगणे, हे तो चटकन शिकला. अडला तो दिशेपाशी. पहिला धडा जमिनीवरच होता. डोक्यावरून टॉवेल घ्यायचा, म्हणजे माझ्याशिवाय काही दिसत नाही, आणि मैदानात चौकोन चालून निघाल्या जागी यायचे. तांडेल निघाला तो थेट बंदरावरच्या बैठकीत घुसला आणि सत्तारबेच्या मांडीवर आदळला.

सत्तारबे हा त्याचा जुना सोबती आणि आता शिफाझाच्या होडीचा चालक. तो म्हणाला, "या, या! आयुष्यभर टूनाचे थवे शोधलेस, आज मला शोधलंस. कापून खाणार की सुकवणार?"

"तुला कोण खाईल? तू आधीच सुकलेला आहेस," तांडेल टॉवेलखालूनच म्हणाला. पण त्याच्या मनगटाची नाडी माझ्या पाठीला लागत होती. ती जोरात उडत होती.

पाण्याखाली तर पंचाईतच झाली. तिथे ढग नाहीत, पक्षी नाहीत, लाटेचा रंग नाही. शिफाझाने वाळूच्या तळावर आईची जुनी ॲल्युमिनियमची परात ठेवली होती. तिथून निघून तिथेच परत यायचे. तांडेल दर वेळी भलतीकडे निघे आणि वर येऊन माझ्यावर चिडे. "हे खोटं बोलतं!"

त्याची बायको जुबेदा धक्क्यावर उभी असे. ती ओरडे, "माझी परात आणलीत तरच आज गरुधिया मिळेल!" मग माशाच्या त्या कढणाच्या आशेने तो पुन्हा बुडी मारे आणि पुन्हा चुके.

शेवटी शिफाझाने त्याचा हातच पकडून पाहिला. "बप्पा, ती सुरी काढा."

त्याच्या उजव्या दंडाला वडिलांची पोलादी सुरी बांधलेली असे. मी डाव्या मनगटावर; तो हात छातीपुढे आडवा धरला की सुरी माझ्या अगदी जवळ येई आणि माझा काटा ओढून घेई.

"ही माझ्या बापाची आहे."

"आजोबांची आहे म्हणूनच होडीत ठेवा. खाली ती तुम्हाला चुकवते."

त्याने सुरीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. मग त्याने सुरी सोडून सत्तारबेच्या हाती दिली. त्या दिवशी परात वर आली. जुबेदाने ती उन्हात धरून पाहिली आणि म्हणाली, "घासूनही आणायची होती."

ईदनंतर चार पाहुणे आले. दोन प्रवाळखडकांमधून समुद्र जिथे आत-बाहेर करतो, त्या कांडूच्या मध्यावर पाण्याखाली एक डोंगर आहे. होडी काठच्या खडकाला दोराने बांधून आम्ही त्या डोंगरावर गेलो. शिफाझा पुढे, तांडेल शेवटी. मधेच वर येणे धोक्याचे होते. डोक्यावरून वेगवान होड्या धावत होत्या आणि ओहोटीला पाणी बाहेरच्या महासागराकडे खेचते.

परतायच्या वेळी पाणी फिरले. गढूळ लोट आला आणि दोन हातांपलीकडचे दिसेनासे झाले. एका पाहुणीच्या पोटरीत गोळा आला, ती घाबरून धडपडू लागली. शिफाझाने तिला दोन्ही हातांनी धरले. आता तिला स्वतःचे मनगट पाहता येईना. तिने हनुवटीने तांडेलाला खूण केली, तुम्ही पुढे व्हा.

त्याने एकदा डोंगराकडे पाहिले. सगळे मासे परतीच्या वाटेच्या डाव्या बाजूकडे तोंड करून उभे होते. म्हणजे पाणी डावीकडून येत होते. येतानाच्या दिशेची उलट दिशा त्याने माझ्यावर लावली, मग पाणी उजवीकडे ढकलणार हे धरून नाक किंचित डावीकडे वळवले आणि निघाला. बाकीचे एकमेकांचे हात धरून मागे.

मधल्या पोकळीत वर-खाली, मागे-पुढे सारखाच करडा रंग. तांडेल थांबला. त्याचा खांदा उजवीकडे वळू लागला. त्याचे आयुष्यभराचे मन त्याला उजवीकडे ओढत होते. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मी फक्त स्थिर राहिले. त्याने दंड चाचपला, सुरी नव्हती; म्हणजे मी खोटे बोलत नव्हते. मग त्याने मला सपाट धरले, खांदा सरळ केला आणि पाय मारू लागला.

करड्या पाण्यात आधी एक काळी सावली आली. मग ती भिंत झाली. खडक! प्रवाहाने आम्हाला हलकेच भिंतीच्या कडेने उजवीकडे नेले, आणि समोर होडीचा दोर डोलत होता. त्याने आधी सगळ्यांना दोर धरायला लावला, स्वतः शेवटी धरला.

वर आल्यावर शिफाझाने तोंडातली नळी काढली. "बप्पा, मधे थांबलात का?"

"माझं डोकं उजवीकडे चल म्हणत होतं. मग म्हटलं, पाण्यावर तांडेल मी. इथे तांडेल हे." त्याने मला वर उचलून दाखवले.

"आणि ते डावीकडे झुकणं? ते मी कुठे शिकवलं होतं?"

"ते तुझ्या जन्माआधीचं आहे, पोरी." आणि बाप-लेक इतकी हसली की होडी हलली.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, उन्हात टाकू नका, लोखंडाशेजारी ठेवू नका. नवे जरूर घ्या, पण जुन्याला मिठात मरू देऊ नका. आणि वाट विचारलीत, तर उत्तर आवडले नाही तरी ऐकून घ्या.

त्या संध्याकाळी बंदरावर माणसे जमली होती. मासे धरून आलेल्या होडीला विचारतात तसे कुणीतरी विचारले, "मौसूमबे, आज काय मिळालं?"

तांडेल होडीच्या टोकावर ताठ उभा राहिला आणि साऱ्या बंदराला ऐकू जाईल असा ओरडला, "सहा जणं खाली गेलो, सहाच्या सहा वर आलो! मोजून घ्या!"