नाक्यावरचा 'भावी डॉक्टर'

रुचिकाच्या वाढदिवसाला कोन गावच्या नाक्यावर तिच्या फोटोचा बॅनर लागला होता: 'भावी डॉक्टर'. पुढे नीटच्या परीक्षेत तिचे गुण कमी पडले आणि तिचे वडील हिरामण नाका टाळून गाडी काढू लागले.

रुचिकाने भिवंडीच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बीएस्सीला प्रवेश घेतला. नीट पुन्हा देणारच, असं ती म्हणाली. हिरामणना ते खरं वाटेना. डॉक्टर व्हायचं तर ही दुसरी पदवी कशाला? हिने हिंमत सोडली असेल, नाहीतर कॉलेजात कुणी भेटला असेल. प्रवेश रद्द करून तिला लातूरच्या नीटच्या क्लासला धाडायचं त्यांनी ठरवलं आणि तोवर तिच्यावर नजर ठेवली.

एका सकाळी तिच्या बॅगेत रुमालात गुंडाळलेली बाटली दिसली. आत पांढरं, घट्ट काहीतरी. विचारल्यावर ती हसली, "प्रॅक्टिकलचं हाय, बाबा." ते हसणंच त्यांना खटकलं. ते तिच्या मागोमाग कॉलेजात गेले.

प्रयोगशाळेच्या दारात तिच्या प्राध्यापिका विनिता मॅडम भेटल्या. माझ्या पोरीला डॉक्टरीवरून कुणी फिरवलं, असं हिरामणनी सरळच विचारलं आणि तिला लातूरच्या क्लासला बसवणार असल्याचंही सांगितलं. मॅडम त्यांना रुचिकाच्या सूक्ष्मदर्शकापाशी घेऊन गेल्या.

हिरामणनी डोळा लावला. जांभळ्या बारीक काड्या विखुरल्या होत्या.

"त्या बाटलीतलं, आईनं लावलेलं दही हाय ते," रुचिका म्हणाली. "हेच जंतू दुधाचं दही करतात."

"म्हंजे मी रोज किडं खातो?"

शेजारच्या मुली हसल्या. हिरामणनी मात्र डोळा काढला नाही.

"एमबीबीएसला गेली तर हा विषय तिथेही आहेच," मॅडम म्हणाल्या. "नाही गेली, तर याच्याच बळावर पुढे शिकेल. नुसती क्लासला बसवलीत आणि पुन्हा गुण कमी पडले, तर तिच्या हाती काय राहील?"

"पन बॅनरवर लिवलंय ना…"

"तो तुमी लावला, बाबा. मला इचारलंत का?"

हिरामण तसेच घरी परतले. लातूरचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. रुचिका कॉलेज सांभाळून नीटचा अभ्यास करू लागली.

पुढच्या वाढदिवसाला गावातली मुलं बॅनरवर काय लिहायचं ते विचारायला आली. हिरामण म्हणाले, "नुसतं नाव टाका. बाकीचं ती लिवंल."

आपल्याही नाक्यांवर असे बॅनर आहेत. मुलांच्या नावाला पदवी आपण आधीच जोडतो आणि ती मिळाली नाही की संशय मुलांवर घेतो. डॉक्टरीची वाट जरूर धरावी. पण वाट पाहतानाची वर्षंही मुलांच्या शिक्षणाचीच असतात. ती कशी घालवायची, हे आधी त्यांना विचारू या!